अग्नी, राख आणि पालखी : शिमग्याचा आध्यात्मिक अर्थ

फाल्गुन शुद्ध पौर्णिमेला, म्हणजेच हुताशनी पौर्णिमेला, महाराष्ट्रात आणि गोव्यात गावोगावी पेटणारी होळी हा एका रात्रीत संपणारा सण नसून, कोकणात फाकपंचमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फाल्गुन शुद्ध पंचमीपासून वद्य पंचमीच्या रंगपंचमीपर्यंत, आणि कित्येक गावांत त्याच्याही पुढे, चालणाऱ्या दीर्घ वसंतोत्सवाचा तो मध्यबिंदू आहे. देशावर या उत्सवाला होळी, धुळवड आणि रंगपंचमी अशी दिवसागणिक वेगळी नावे आहेत, कोकणात तो सगळा मिळून शिमगा होतो आणि गोव्यात शिगमो. या सणाचा अर्थ सांगताना ‘सुष्टांचा दुष्टांवर विजय’ हे सूत्र बहुधा पुढे केले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कारण त्यात दुष्ट हा नेहमी दुसरा कोणीतरी असतो आणि होळीसमोर उभा राहणारा माणूस स्वतःला आपोआप सुष्टांच्या बाजूला धरून मोकळा होतो. सणातील विधी क्रमाने पाहिले, तर ते याहून कठीण काही मागतात असे दिसते : अग्नीसमोर स्वतःचे काही सोडणे, राखेसमोर स्वतःचा मोठेपणा विसरणे आणि त्यानंतर दारी येणाऱ्या देवाला व शेजाऱ्याला मोकळ्या मनाने सामोरे जाणे.

तिथी आणि ऋतुसंधी

होळीची तिथी ठरवताना पंचांगात ‘भद्रा’ पाहिली जाते. तिथीच्या अर्ध्या भागाला करण म्हणतात. अशा करणांपैकी विष्टी नावाचे करण म्हणजेच भद्रा, आणि ती शुभकार्याला वर्ज्य मानली जाते. शुक्ल पक्षातील पौर्णिमेच्या पूर्वार्धात हे करण नेहमीच येते, त्यामुळे भद्रा टाळून सायंकाळी किंवा रात्री होळी पेटवावी असा निर्णय धर्मशास्त्रकारांनी दिला. कमलाकर भट्टांनी १६१२ साली काशीत रचलेल्या ‘निर्णयसिंधू’त, तसेच पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या ‘धर्मसिंधू’त हा विचार तपशिलाने येतो. रत्नागिरी जिल्ह्यात तर गावांचे शिमगेच या गणनेवरून ओळखले जातात : काही गावांत त्रयोदशीला होम होतो, तो ‘तेरसेचा शिमगा’, आणि इतर गावांत पौर्णिमेला होतो, तो ‘भद्रेचा शिमगा’.

पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेचे महत्त्व समजण्यासाठी महिने मोजण्याच्या दोन रीती ध्यानात घ्याव्या लागतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, म्हणून होळीनंतरचा पंधरवडा फाल्गुन वद्याचाच असतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेथे होळीच्या दुसऱ्याच दिवशी चैत्र लागतो. चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने असल्यामुळे त्या गणनेत होळीची रात्र ही शिशिराची शेवटची रात्र ठरते. गहू आणि हरभरा हाताशी आलेला असतो, पानगळ होऊन गेलेली असते, पळस आणि पांगारा फुललेले असतात. जुने सरले आहे पण नवे पुरते सुरू झालेले नाही, अशा या संधिकालात माणसाने काय करावे, याचे उत्तर परंपरेने होळीच्या विधीतून दिले आहे.

कथेहून जुना उत्सव

हा उत्सव फार प्राचीन आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसासूत्रांत, म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या शास्त्रात, ‘होलाकाधिकरण’ नावाचे एक प्रकरण आहे. होलाका हा आचार पूर्वेकडील लोक पाळतात, तेव्हा त्यामागे जे वेदवचन मानायचे ते फक्त त्यांच्यापुरते की सर्वांसाठी, असा प्रश्न शबरस्वामींच्या भाष्यात तेथे उपस्थित केला आहे आणि धर्मवचनाला अशी प्रादेशिक मर्यादा नसते, ते सर्वांसाठीच असते, असा निर्णय दिला आहे. कोकणातच जन्मलेले आणि १९६३ साली भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात होळीच्या प्राचीनतेची चर्चा करताना याच अधिकरणाकडे लक्ष वेधले आहे. शास्त्राने होळीविषयी विचारलेला पहिलाच प्रश्न ‘हा सण कोणाचा?’ असा असावा आणि त्याचे उत्तर ‘सर्वांचा’ असे निघावे, ही गोष्ट पुढच्या सर्व विवेचनाला आधार देणारी आहे.

महाराष्ट्री प्राकृतातील हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’त फाल्गुनातील उत्सवाचे आणि त्यातील चिखलफेकीचे उल्लेख आढळतात, तर सातव्या शतकातील सम्राट हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकाच्या पहिल्या अंकात कौशांबी नगरीतील मदनमहोत्सव रंगवलेला आहे, ज्यात सुगंधी चूर्णांनी आसमंत भरून जातो आणि नागरिक पिचकाऱ्यांनी एकमेकांना भिजवतात. अग्नी, चिखल, चूर्ण आणि पाणी ही सामग्री अशी दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. तिच्यावर अर्थ देणाऱ्या कथा मात्र निरनिराळ्या प्रदेशांनी आणि संप्रदायांनी निरनिराळ्या चढवल्या.

तीन कथा, एक बोध

या कथांपैकी सर्वांत परिचित कथा प्रल्हादाची. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू आपल्या विष्णुभक्त पुत्राला मारण्यासाठी अनेक उपाय योजतो आणि ते सर्व निष्फळ ठरतात, असे विस्ताराने सांगितले आहे. प्रल्हादाला मांडीवर घेऊन अग्नीत बसलेली त्याची आत्या होलिका मात्र त्या स्कंधात येत नाही, तिची कथा लोकपरंपरेने या चरित्राला जोडली. तिला अग्नीपासून अभय होते, तरीही ती जळाली आणि अभय नसलेले मूल वाचले. हिरण्यकशिपूचेही तसेच झाले : माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, घरात नाही आणि बाहेर नाही, अशा अटी घालून त्याने मृत्यूच्या सर्व वाटा बंद केल्या आणि तरीही संधिप्रकाशात, उंबरठ्यावर, नरसिंहाच्या हातून तो मारला गेला. मिळवलेल्या सामर्थ्याच्या जोरावर स्वतःला अजिंक्य समजणे हाच या कथेतील खरा दोष आहे, आणि तो फक्त राक्षसांचा नाही. प्रल्हादाजवळ कोणताही वर नव्हता. त्याच्याजवळ केवळ शरण जाण्याची वृत्ती होती.

दुसरी कथा भविष्य पुराणाच्या परंपरेतील ढुंढा राक्षसीची आहे. रघुराजाच्या राज्यात ही राक्षसी लहान मुलांना पीडा देत असे. देव, मानव आणि शस्त्रे यांच्यापासून तिला शिवाचा अभयवर होता, परंतु ऋतू पालटण्याच्या काळात बेभान झालेल्या मुलांपासून तिला भय होते. म्हणून लाकडे व गोवऱ्या गोळा करून अग्नी पेटवावा आणि मुलांनी त्याच्याभोवती निःशंकपणे हसावे, ओरडावे, वाटेल ते बोलावे, असा उपाय सांगण्यात आला. होळीभोवती पालथ्या हाताने बोंब मारण्याच्या प्रथेचे मूळ परंपरा या कथेत पाहते. ऋतुसंधीला मुले आजारी पडतात हा जुन्या काळचा रोजचा अनुभव होता, आणि वर्षभर मनात दाबून ठेवलेले भय, राग आणि कटुता अग्नीच्या साक्षीने एकदा बाहेर पडू द्यावी म्हणजे मन हलके होते, हा त्या अनुभवातून निघालेला उपचार आहे.

तिसरी कथा कामदहनाची. तारकासुराच्या वधासाठी शिवाला पुत्र व्हावा म्हणून देवांनी कामदेवाला वसंतासह त्याच्या तपोवनात पाठवले. समाधी ढळलेल्या शिवाने तृतीय नेत्र उघडला आणि काम भस्म झाला. कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात हे दहन आणि चौथ्या सर्गात रतीचा विलाप येतो. काम मात्र संपला नाही. तो अनंग, म्हणजे देहाविना, राहिला आणि पुढे शिव-पार्वतीचा विवाहही झाला. वासना कायमची मारता येत नाही, पण तपाच्या अग्नीतून गेल्यावर ती प्रेमात परिणत होऊ शकते, हे या कथेचे मर्म आहे. त्यामुळेच दहनानंतर लगेच रंगांचा उत्सव येणे ही विसंगती ठरत नाही.

अहंकार, भय आणि वासना या तिन्ही गोष्टी माणसाच्या आत असतात. तिन्ही कथांतील राक्षस आणि देव वेगवेगळे असले तरी जळणारी वस्तू अंतःकरणातील आहे, आणि होळीचा अग्नी म्हणूनच बाहेरच्या शत्रूसाठी पेटवलेला नसतो.

होम आणि राख

विधी पाहता, घाटावर होळीच्या मध्यभागी एरंडाची फांदी किंवा ऊस रोवून भोवती गोवऱ्या आणि लाकडे रचली जातात, सुवासिनी हळदकुंकू वाहतात, नारळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य अर्पण होतो, पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घातली जाते. घरात त्या दिवशी झालेले सर्वांत चांगले अन्न आधी अग्नीला दिले जाते, हे येथे लक्षणीय आहे. होळीत केवळ निरुपयोगी गोष्टी टाकायच्या असत्या, तर तो केर जाळण्याचा कार्यक्रम झाला असता. परंतु तेथे पोळी आणि नारळ वाहिला जातो, म्हणजेच हा होम आहे, आणि होमात आवडते तेच द्यायचे असते.

दुसऱ्या दिवशीचे धूलिवंदन हा या सणातील सर्वांत अर्थगर्भ आणि आज सर्वांत दुर्लक्षित विधी आहे. रात्री पेटलेली होळी विझल्यावर तिच्या राखेला वंदन करून ती अंगाला लावणे, हे त्या दिवसाचे मूळ कर्म होय. राखेत लाकूड कोणते आणि गोवरी कोणती हे ओळखता येत नाही, आणि ज्याच्या कपाळी ती लागते त्याचे पद, संपत्ती किंवा कुळही तिला ओळखता येत नाही. देहाचा शेवट कशात आहे याचे स्मरण ती करून देते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी याच दिवशी चंदनासह आंब्याचा मोहर प्राशन करण्याचा विधीही सांगितला आहे. एकाच सकाळी कपाळावर राख आणि मुखात मोहर : संपलेल्याचा स्वीकार आणि उगवणाऱ्याचे स्वागत या दोन्ही गोष्टी परंपरेने एकत्र ठेवल्या, कारण पहिलीशिवाय दुसरी उथळ होते आणि दुसरीशिवाय पहिली उदास.

देव दारी येतो

या उत्सवाचे सर्वांत समृद्ध रूप रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दिसते. केदारलिंग, रवळनाथ, जाखमाता, वाघजाई, सोमजाई, सातेरी अशी कोकणातील ग्रामदैवते वर्षभर आपापल्या देवळात असतात आणि भक्त त्यांच्याकडे जातात. शिमग्यात हा क्रम उलटतो. देवांची ‘रूपे’, म्हणजे चांदीचे वा अन्य धातूंचे मुखवटे, बाहेर काढून, उजळून, वस्त्रांनी आणि दागिन्यांनी सजवलेल्या पालखीत बसवली जातात. याला ‘रूपे लागणे’ म्हणतात. त्यानंतर होळीसाठी निवडलेले झाड, बहुतेक ठिकाणी माड, सुरमाड, आंबा किंवा सावर, विधिपूर्वक तोडून ढोलताशांच्या गजरात खांद्यांवरून आणले जाते आणि ठरलेल्या जागी उभे केले जाते. पालखी सहाणेवर, म्हणजे गावाने देवासाठी राखलेल्या चौथऱ्यावर, विसावते, होम होतो आणि मग ती गावभेटीला निघते. रत्नागिरी शहराचे ग्रामदैवत श्री देव भैरी हा बारा वाड्यांचा देव मानला जातो आणि शिमग्यात त्याची पालखी या वाड्यांतून फिरते.

पालखी घरी येण्याचा दिवस हा त्या घराचा वर्षातील सर्वांत मोठा दिवस असतो. अंगण सारवले जाते, रांगोळी काढली जाते, देवीची ओटी भरली जाते, नवस फेडले जातात आणि नवे बोलले जातात. गुरव किंवा गावकर देवापुढे ‘गाऱ्हाणे’ घालतो, म्हणजे घरातील माणसांच्या, गुराढोरांच्या आणि शेतीच्या रक्षणासाठी गावच्या बोलीत प्रार्थना करतो, आणि प्रत्येक मागणीवर जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ असा होकार देतात. मागणारा एक आणि अनुमोदन देणारे अनेक असल्यामुळे एका घराचे दुःख त्या क्षणी साऱ्या वाडीचे होते. पुष्कळ गावांत पालखी खांद्यावर घेऊन नाचवली जाते, कोठे जमिनीत पुरलेला नारळ पालखीच्या साहाय्याने शोधून काढतात, त्याला ‘शेरणे काढणे’ म्हणतात, आणि पालखीसोबत किंवा स्वतंत्रपणे ‘नमन-खेळे’ येतात, ज्यांत संकासुर आणि गोमूसारखी सोंगे मृदंगाच्या तालावर नाचतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्यापासून कोकणातील कर्ता पुरुष चाकरमानी झाला, आणि गणपती व शिमगा हे त्याच्या परतीचे दोन सण ठरले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर ही वाट सोपी झाली. वर्षभर कुलूपबंद असलेली घरे पालखीसाठी उघडली जातात, कारण दार बंद ठेवून देवाला परत पाठवणे कोणालाही सोसत नाही. तीर्थयात्रेत भक्ताचे कष्ट मोठे असतात. शिमग्यात कष्ट देव घेतो. आजारी, वृद्ध, देवळापर्यंत चालू न शकणारे असे सगळे त्या दिवशी आपल्याच ओटीवर दर्शन घेतात. साधनेने देवापर्यंत पोहोचता येते हे सर्व धर्मग्रंथ सांगतात, पण देवही माणसाकडे चालत येतो, हे कृपेचे तत्त्व शिमग्याची पालखी ग्रंथावाचून शिकवते.

व्रत, खेळ आणि भक्ती

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी या गावची होळी प्रसिद्ध आहे. तेथे उंच बांबू विधिपूर्वक आणून उभारला जातो, रात्रभर नृत्य चालते आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप घालून, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे ‘बुध्या’ केवळ हौसेने नाचत नाहीत. नवसासाठी ते काही दिवस अनवाणी राहणे, जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य पाळणे असे कडक नियम पाळतात. बाहेरून केवळ जल्लोष दिसणाऱ्या या सणाच्या तळाशी संयम आहे, हे येथे स्पष्ट होते. गोव्यातील शिगम्यात घोडेमोडणी आणि गोफ यांसारख्या नृत्यांतून, तर नाशिकमध्ये पेशवेकालीन मानल्या जाणाऱ्या दगडी हौदांतील, म्हणजे ‘रहाडीं’तील, रंगपंचमीच्या स्नानातून हाच वसंतोत्सव आपापल्या भूमीचे रूप घेतो.

महाराष्ट्रात या पंधरवड्याला आणखी एक परिमाण आहे. धूलिवंदनाच्या दुसऱ्याच दिवशी, फाल्गुन वद्य द्वितीयेला, देहूत तुकाराम बीज साजरी होते, आणि रंगपंचमीनंतरच्या षष्ठीला पैठणमध्ये संत एकनाथांच्या समाधीचा, नाथषष्ठीचा, सोहळा सुरू होऊन अष्टमीला काल्याने संपतो. मराठी माणसाच्या पंचांगात राख, रंग आणि हरिनाम असे एकमेकांना लागून उभे आहेत, आणि जातीचा व ज्ञानाचा अहंकार सोडून नामाच्या मेळ्यात मिसळण्याचा जो उपदेश या संतांनी केला, तो होळीच्या विधींशी मुळीच परका नाही.

समजून साजरे करणे

अर्थ विसरला की विधीचे विडंबन होते आणि शिमग्याचे ते ठिकठिकाणी झालेले आहे. बोंब मारण्याची मोकळीक स्त्रियांची छेड काढण्यासाठी वापरली जाते, तेव्हा ढुंढेला हाकलण्याऐवजी तिलाच वाट दिली जाते, कारण तो विधी दुर्बलांचे भय घालवण्यासाठी होता, त्यांना भय घालण्यासाठी नव्हे. गावाने वर्षाला एक झाड मागावे आणि तेही पूजा करून घ्यावे, हा नेम सोडून चौकाचौकांत झाडे तोडणे हा होम नव्हे. गोवऱ्या, पालापाचोळा आणि वाळकी लाकडे यांची लहानशी होळीही तितकीच पूर्ण असते. पळसाच्या फुलांच्या रंगाची जागा त्वचेला आणि डोळ्यांना अपाय करणाऱ्या रसायनांनी घेतली, तर रंग मैत्रीचे चिन्ह राहत नाही. आणि पालखी प्रथम कोणी खांद्यावर घ्यावी या मानपानाच्या वादातून गावाची पालखीच अडून राहते, तेव्हा ज्या अहंकाराची होळी करायची तोच पालखीत बसलेला असतो. होलाका सर्वांची आहे, हा मीमांसकांचा जुना निर्णय अशा गावांनी पुन्हा वाचला पाहिजे.

या सणाचे आध्यात्मिक पालन कठीण नाही, आणि त्याला विद्वत्तेचीही गरज नाही. होळीला नारळ वाहताना मनातील एखादे जुने वैर नाव घेऊन सोडता येते. धूलिवंदनाला चिमूटभर राख कपाळी लावून, ज्याच्याशी वर्षभर बोलणे नव्हते त्याच्या दारी आपणहून जाता येते. पालखी येईल तेव्हा गाऱ्हाण्यात स्वतःच्या घराबरोबर शेजाऱ्याच्या घराचेही क्षेम मागता येते. अग्नीत अर्पण करणे, राखेत समान होणे आणि भेटीत एकत्र येणे या तीन पायऱ्या क्रमाने चढणाऱ्याला वसंत हा केवळ निसर्गातील ऋतू राहत नाही. झाडे जुनी पाने आपोआप गाळतात, माणसाला मात्र ती ठरवून गाळावी लागतात. आणि त्या निश्चयासाठी पूर्वजांनी वर्षातून एकदा साऱ्या गावाला एका अग्नीभोवती उभे केले, हेच शिमग्याचे खरे देणे आहे.